दम लागला तरच गड आपला?

आमच्या घरच्या ग्रुपवर गडांवरच्या रोपवेवरून भांडण पेटलंय. पुण्यातला माझा मावसभाऊ दर शनिवार-रविवार कुठला ना कुठला गड चढतो. त्याने लिहिलं, "ज्याच्या पायांत दम नाही त्याने गडावर येऊच नये. रोपवेने रायगड पाहिला म्हणजे पाहिलाच नाही." त्याच ग्रुपवर माझी आई आहे. दोन्ही गुडघे गेलेले, आणि रायगड तिने पाहिला तो रोपवेनेच. ती काही बोलली नाही. मी बोलले, तर लगेच उत्तर आलं, "ताई, तू तिकडे येरेवानला बसून आम्हाला शिकवू नकोस."

मग आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला बसूनच सांगते.

गेल्या सप्टेंबरात आई इकडे आली होती तेव्हा तिला ताथेवच्या मठात नेलं. उजव्या हाताला अरारात पर्वत सोबत करतो, मग तो मागे पडतो, डोंगर उघडेबोडके होत जातात आणि गोरिस शहराच्या अलीकडे वळलं की हालिद्झोर गाव. तिथे वोरोतान नदीची दरी आडवी येते. पलीकडच्या कड्याच्या अगदी टोकावर मठ. नवव्या शतकातला, त्यातलं मुख्य चर्च, पोघोस-पेत्रोस, 895 ते 906 या काळात बांधलेलं. जुना रस्ता वळणं घेत नदीपर्यंत उतरतो, सैतानाच्या पुलावरून पलीकडे जातो आणि तितकीच वळणं घेत वर चढतो. 2010 पासून दरीवरून रोपवे आहे, 5.7 किलोमीटरचा, मध्ये कुठेही न थांबणारा, गिनीजमध्ये नोंद झालेला. सगळ्यात खोल जागी तो जमिनीपासून 320 मीटर उंचावरून जातो. आईने दांडा घट्ट धरला होता, पण डोळे मिटले नाहीत. तळाशी झाडीत अनापातच्या, म्हणजे जुन्या एकांतवासी मठाच्या, पडक्या भिंती दिसल्या तेव्हा म्हणाली, "एवढ्या खाली कोण गं राहत असेल?"

वर पोचल्यावर ती गावाझानपाशी बराच वेळ थांबली. 904 सालचा हा आठ मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी खांब, माथ्यावर खाचकार, म्हणजे कोरीव क्रूसाचा दगड. जमीन हलायच्या बेतात असली की हा खांब डोलून सांगायचा, असं इथले लोक मानतात. 1931 च्या भूकंपात चर्चचा घुमट कोसळला, खांब मात्र उभा राहिला. पोघोस-पेत्रोसच्या भिंतीवर माणसांचे चेहरे कोरलेत, आणि त्यांच्याकडे तोंड केलेले साप. आईने नाग पाहिले नि हात जोडले. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने ते पाहिलं, दोन बारीक पिवळ्या मेणबत्त्या तिच्या हातात दिल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला. आईने त्या वाळूत खोचल्या. बाहेर पडताना सगळे वेदीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी निघतात. तीही गुडघे सांभाळत तशीच निघाली. ती वर कशी आली, हे तिला कोणी विचारलं नाही.

चढण्याच्या कष्टांमुळे जागा पवित्र होते, हे मला पटतच नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकात ताथेवला विद्यापीठ होतं. तत्त्वज्ञ ग्रिगोर ताथेवात्सी (1346-1409) तिथे शिकवायचा, त्याची समाधी तिथेच आहे. हस्तलिखितं तयार व्हायची, तत्त्वज्ञानावर वाद झडायचे. पण त्या विद्येला लागणारं धान्य आसपासच्या गावांमधून यायचं. तटाबाहेर तेलाचा घाणा आहे, भलं मोठं दगडी चाक अजून जागेवर. त्या घाण्यासाठी तेलबियांची पोती वर आणणाऱ्यांनी पुण्यासाठी चढण चढली नव्हती. आणि आपला रायगड? तिथे मेणा दरवाजा आहे! मेण्यातून ये-जा करणाऱ्यांचा गड कमी होता का? हिरकणीही दूध विकायला चढायची, तो तिचा पोटाचा धंदा होता. तिच्याच नावाच्या वाडीतून 1996 पासून रोपवे वर जातो. सप्तशृंगीला 2018 पासून ट्रॉली आहे. ट्रॉलीने गेलेल्याला "तुला देवी भेटलीच नाही" असं म्हणायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही. मग महाराजांच्या गडावरच माझ्या आईला परीक्षा कशाला?

दुसऱ्या बाजूचाही मला तितकाच राग येतो. ताथेवचा व्हिडिओ फिरवून "एवढासा देश करतो, आपण का नाही" म्हणणाऱ्यांनी इथला सगळा व्यवहार बघावा. इथे तिकिटाच्या पैशातून मठाची दुरुस्ती होते आणि गावकऱ्यांना रोपवे फुकट आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात. अंजनेरीच्या रोपवेला गिधाडांसाठी विरोध झाला, तो मला शंभर टक्के मान्य आहे. गिधाडांना दुसरा कडा देता येत नाही. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. ताथेव अजून त्या मुख्य यादीत नाही. हे भावाने मला ऐकवलंच. यादीत आलो म्हणजे जबाबदारी वाढली, ती संपली नाही.

पण खरं सांगायचं तर मला लागलं ते आईपुरतं नव्हतं. "चढून ये" म्हणणारा मला "परत ये, नाहीतर गप्प बस" म्हणतोय, असंच मला ऐकू येतं. गडावर घाम गाळायचा, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, पाणीकपात सोसायची, मगच बोलायचा हक्क. तो घाम आता माझ्या वाट्याला नाही. सिंहगडाच्या पायथ्याचं पिठलं-भाकर आठवलं की लवाशचा, इथल्या पातळ रोटीचा, घास घशात अडकतो, हे मी त्याला कसं सिद्ध करून दाखवू?

आर्मेनियात तीसेक लाख माणसं राहतात, बाहेर त्याहून कितीतरी जास्त. 1915 च्या नरसंहारात परागंदा झालेल्यांची पतवंडं लॉस एंजेलिसहून, मार्सेहून, बैरूतहून येतात. ताथेवच्या रोपवेवर आमच्या पाळण्यात असंच एक कुटुंब होतं. मुलांना आर्मेनियन धड येत नव्हतं, तरी पाळणा चालवणारी मुलगी त्यांना घरच्यांसारखं एकेक शिखर दाखवत होती. यांचं पहिलं नियतकालिक, 'अझ्दारार', 1794 साली मद्रासेत छापलं गेलं. मद्रासेत बसून आम्हाला शिकवू नका, असं त्याला आज इथे कोणी म्हणत नाही. उलट अभिमानाने सांगतात.

म्हणून रायगडाबद्दल मी बोलणार, राजगडाबद्दलही बोलणार. भावाने गिधाडांचा, ठिसूळ कड्यांचा, वर होणाऱ्या गर्दीचा मुद्दा आणावा. मी ऐकेन, आणि पटला तर त्याच्या बाजूने सहीसुद्धा करेन. पण आईच्या गुडघ्यांवरून आणि माझ्या पत्त्यावरून आमचा गड ठरवायचा नाही. आणि हे त्याने त्याच ग्रुपवर लिहावं, आई वाचते तिथे.