पावसात पळणं सोपं नसतं

लेख छान आहे, पण 'पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पळायला सोपी' हे लेखकाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी ठाण्याचीच. ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, आणि तो वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? त्यात भिजलेले मोजे. बोटांना, टाचांना आधी व्हॅसलीन चोळलं नाही तर फोड आलेच समजा. तहानही कळत नाही. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखरेचं पाणीही घ्या.

गेल्या शर्यतीत २१ किलोमीटरमधला शेवटचा टप्पा उरलेला असताना सर आडवी लागली आणि माझ्या पोटरीत गोळा आला. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधले साठीचे काका स्वतःची वेळ सोडून थांबले. दुभाजकाला धरून त्यांनी माझा पाय ताणून दिला, खिशातली मिठाची पुडी हातावर ठेवली. "चल गं, फक्त पुढच्या खांबापर्यंत," असं म्हणत खांबामागून खांब ते मला नेत राहिले. ज्यांचं पळून झालं होतं त्या मैत्रिणी भर पावसात उलट चालत आम्हाला घ्यायला आल्या होत्या! रविवारी पहाटे उपवन तलावापासून येऊरच्या डोंगराचा चढ एकत्र चढलो, तेव्हाच ही माणसं जोडली गेली.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी नाव नोंदवण्याआधी आपल्या भागातला एखादा ग्रुप जरूर गाठावा. ठाण्यात तलावपाळी, उपवन, कुठेही पहाटे चौकशी करा, लोक आनंदाने सामावून घेतात.