अर्धा किलो लसूण आणि साडेचार हजारांचं अँटिक

साडेचार हजार रुपये. रोख. सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत, भर दुपारी, गाडीच्या सीटवर नोटा मोजून दिले मी त्या माणसाला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रेअर विंटेज अँटिक टीव्ही गेम, नव्वदच्या दशकातला, फुल ओरिजिनल, फक्त शौकीन लोकांनीच मेसेज करावा’. शौकीन म्हटलं की आम्ही गेलोच. नाशिकच्या माणसाला आणखी काय लागतं!

फोटोत डबा चादरीवर ठेवलेला, गुलाबाच्या फुलांची चादर. प्रत्यक्षातही तो चादरीवरच होता. चालू करून दाखवा म्हटलं तर, “दादा, घरात एलईडी आहे, त्याला ती जुनी वायर नाही ना लागत. पण वर्किंग आहे, गॅरंटी.” आणि मी, बेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, अंबडच्या कंपनीत क्वालिटी बघणारा माणूस, ‘बरं’ म्हणालो. क्वालिटी बघणारा! माझ्या साहेबांना हे कळायला नको.

हातात घेतला तेव्हाच शंका आली होती. वजन बरोबर होतं, पण सगळं एकाच बाजूला. घरी आल्यावर खालचे चार स्क्रू काढले. आत काय निघालं? आगपेटीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, आणि शेजारी गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजन वाटावं म्हणून लोखंड! आमच्याकडे भाजीवाले काट्याखाली चुंबक लावायचे म्हणतात, त्यातलाच प्रकार. जुन्या डब्यात एवढी मोठी पाटी असायची की डबा भरून जायचा, आणि तिच्यावर चाळीस-चाळीस पायांच्या दोन लांबलचक आयसी, गोमेसारख्या. एक हिशेब करणारी, एक चित्र काढणारी. हा काळा ठिपका म्हणजे सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वरून ओतलेलं औषध. हा नंतरचा माल. प्लॅस्टिक पांढरंशुभ्र होतं, तर म्हणे “फार जपलाय दादा, मुलांना हातसुद्धा लावू दिला नाही.” अरे, तीस वर्षांचं प्लॅस्टिक पांढरं राहील का? त्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीन घालायचे, ऊन लागलं की ते पिवळं पडतं. मला तो पिवळाच हवा होता! लोक पेरॉक्साइड लावून पांढरा करतात, ते करोत. माझा डबा जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखा दिसायला हवा.

आता इथे मला कोणी तरी अडवेल आणि म्हणेल की अरे बाबा, तुझ्या लहानपणचा तो डबा तरी कुठे ओरिजिनल होता? नव्हताच. तेच तर मला ओरडून सांगायचंय. खरा ओरिजिनल म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, किंमत १४,८०० येन. तो आमच्या तिवंध्यातल्या वाड्यात कधीच आला नाही. आला तो त्याचा तैवान-चीनकडचा डुप्लिकेट, वर कसलं तरी इंग्रजी नाव आणि एका हिरोचं चोरलेलं चित्र. म्हणजे मी शोधतोय तो ओरिजिनल डुप्लिकेट आहे. आणि हे लोक मला विकतायत डुप्लिकेटचा डुप्लिकेट. यात फरक आहे! माझ्या बायकोला हा फरक कळत नाही. तिने शांतपणे विचारलं, “म्हणजे नकलीच हवा होता, पण खरा नकली?” हो! खरा नकली! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत येऊन वर बघितलं.

१९९६ च्या दिवाळीत बाबांनी प्रेसच्या बोनसमधून आणला होता आमचा. मेन रोडवरून पिशवीत घालून. सोबत दोन रिमोट (जॉयस्टिक वगैरे आम्ही म्हणत नव्हतो, रिमोटच), एक नारिंगी बंदूक, आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’. नव्व्याण्णव लाखांच्या वर गेम! मी आणि शेजारचा बंड्या सुट्टीभर मोजत बसलो. खरे निघाले सोळा. बाकीचे तेच ते, कुठे मारियो दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे त्याचे कपडे निळे. पण आम्हाला फसवल्यासारखं वाटलं नाही, हे लक्षात घ्या. ती फसवणूकसुद्धा प्रामाणिक होती. आणि तो मारियो होता किती? चाळीस केबी. एवढ्यात बत्तीस लेव्हल, पाणी, ढग, शेवटचा तो कासवराक्षस. आज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ‘सुप्रभात’चं गुलाबाचं फूल टाकतं ते याच्या पाचपट असतं.

टँक खेळताना बंड्या मुद्दाम मला गोळी मारायचा. मेलो नसायचो, पण जागेवर लुकलुकत अडकून पडायचो, आणि तेवढ्यात शत्रूचा टँक खालच्या गरुडाला उडवायचा. मग बंड्याला मी खराखुरा मारायचो. काँट्राला वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए केलं की तीस लाइफ, हे आम्हाला कोणी सांगितलं ते आठवत नाही. इंटरनेट नाही, मासिक नाही, आणि तरी अख्ख्या नाशकाला ते पाठ. शुभंकरोतीनंतर तेच.

आणि मग तो डबा गेला कुठे? विचारू नका. २००४ मध्ये वाडा सोडून इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो. मी परीक्षेला पुण्यात. आईने सामान आवरताना ‘प्लॅस्टिक द्या, लसूण घ्या’वाल्याला दिला. डबा, दोन्ही रिमोट, बंदूक, अकरा कॅसेटी. अर्धा किलो लसूण आला. आई अजून म्हणते, “चांगला गावरान होता हो, पाकळी बारीक पण वास काय!” मी तिला गेल्या आठवड्यात सांगितलं की आई, त्या अकरा कॅसेटी आज मागायला गेलो तर एकेकीचे हजार-हजार सांगतात. तर ती म्हणाली, “लसूण पण चारशे रुपये किलो झाला होता मध्ये.” काय बोलणार?

हजार-हजार हे कशाने झालं, तेही मला माहितीय. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत लिलावात सुपर मारियो ६४ ची एक सीलबंद कॅसेट पंधरा लाख साठ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने साडेअकरा कोटींच्या वर. पुढच्याच महिन्यात जुन्या सुपर मारियोची सीलबंद कॅसेट वीस लाख डॉलरला. बातमी मराठी चॅनेलवर पण आली असणार, कारण त्यानंतर आपल्याकडे ज्याच्या ज्याच्या माळ्यावर पिवळ्या प्लॅस्टिकचा तुकडा होता तो करोडपती झाला. अरे, ती सीलबंद होती! कोणी खेळलेली नाही, खोक्यावर ओरखडा नाही. आत गेम आहे की विटेचा तुकडा, हेही कोणी फोडून बघणार नाही. त्याचा आणि तुझ्या त्या कॅसेटचा काय संबंध, जिच्यावर तुझ्या भाच्याने पेनाने ‘सचिन १०’ लिहिलंय? तरी भाव सांगताना आवाज असा काढतात की सराफ बाजारात बसलोय.

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी, जुन्या वस्तू घेऊन बसणाऱ्या एका आजोबांनी मात्र मला एकदा दोन कॅसेटी साठ रुपयांना दिल्या. त्यांना अँटिक शब्द माहीत नव्हता. “चालतात का बघ बाबा, नाय चालल्या तं परत आण.” हा एवढाच सरळ व्यवहार माझ्या सहा वर्षांच्या संग्रहात झाला. एक चालली.

दुसरी का नाही चालली? कारण तिच्यात तीस वर्षं लोकांनी फुंकर मारलेली. हे पण एकदाचं सांगून टाकतो. फुंकर मारू नका! मीही मारली आहे, आपण सगळ्यांनी मारली आहे, गाल फुगवून, बासरी वाजवल्यासारखी. चालायची ती फुंकरीने नाही, काढून परत बसवल्यामुळे साठ पिनांना नवी जागा मिळायची म्हणून. फुंकरीतून जायची ती थुंकी, आणि तिने तांबं काळं पडायचं. मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते इअरबडवर घेऊन हलक्या हाताने पुसा. आता पुसून पुसून मी दुसरी पण चालू केली. निघाली तीच, ९९९९९९९ इन १.

बरं, डबा मिळाला असं धरू. तो लावायचा कुठे? एलईडीवर मारियो उडी मारतो तेव्हा माझा अंगठा आधीच खाली आलेला असतो. आणि बंदूक तर चालतच नाही. बदकं मारायच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे सगळं लगेच व्हायचं. नवीन टीव्ही चित्र थांबवून, घोटून, सजवून दाखवतो. तोवर बंदूक बघून मोकळी. बदकं सगळी सुखरूप, आणि तो कुत्रा गवतातून वर येऊन हसतो. माझा मुलगा पण हसला. त्याला वाटलं मला नेम धरता येत नाही! मला!

म्हणून जुना टीव्ही शोधतोय, साधा चौदा इंची. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत सगळे भंगारवाले पालथे घातले. त्यांच्याकडे येतात की, पण येतात आणि तासाभरात मान मोडून पडतात, आतल्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी. एकाकडे मी पोचलो तेव्हा हातोडा वर होता. “थांबा थांबा!” ओरडत गाडी तशीच टाकून धावलो. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं महापालिकेचा आहे. तेवढ्यात हातोडा खाली.

आणि यावर मला सगळ्यात शहाणा सल्ला देणारे ते. “अरे, मोबाईलवर फुकट मिळतं ना सगळं!” मिळतं. माहितीय मला मिळतं. काचेवर अंगठा घासून काँट्रा खेळणं म्हणजे फोटोतली मिसळ चाटणं. बंड्याने मला गोळी मारल्यावर मी त्याचा रिमोट वायरसकट ओढायचो, ती वायर कुठे आहे तुमच्या मोबाईलला?

त्या सिडकोवाल्याला मी फोन केला. तीनदा कट केला. चौथ्यांदा उचलला. लोखंडाच्या पट्टीचं सांगितलं तर म्हणतो, “दादा, ती अर्थिंगसाठी असते.” अर्थिंग! पैसे परत द्या म्हटलं तर, “तुम्ही उघडलाय ना आता, सील तुटलं. आणि जपून ठेवा, अँटिक आहे, पाच वर्षांत डबल.” मग मला ब्लॉक केलं.

काल रात्री साडेअकराला बंड्याचा मेसेज. तो आता नाशिकरोडला असतो, केस गेले, बाकी तसाच. जाहिरातीचा फोटो पाठवलेला. ‘रेअर विंटेज अँटिक टीव्ही गेम, फुल ओरिजिनल’. सहा हजार. खाली तीच गुलाबाच्या फुलांची चादर. बंड्या लिहितो, “भो, हा बघ आपलाच! घ्यायचा का अर्धे-अर्धे?”

मी त्याला सगळं लिहायला घेतलं. शिव्यांसकट. मग फोटो मोठा करून बघितला. डब्याच्या मागे चादरीवर काहीतरी नारिंगी दिसत होतं. मी लिहिलेलं सगळं खोडलं आणि विचारलं, “बंदूक आहे का सोबत?”