पाचही बाण सारखेच जाड

भोसरीत प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका काकांसमोर मागच्या महिन्यात माझी फजिती झाली. सांगून टाकते.

त्यांना धंद्याचं विश्लेषण करून हवं होतं. माझ्याकडे पैसे देऊन घेतलेलं टेम्प्लेट होतंच. मधे 'तुमचा व्यवसाय' असा गोल आणि त्याच्याकडे रोखलेले पाच रंगीत बाण: स्पर्धक, नव्याने येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार, ग्राहक. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेलं हे 'पाच शक्तीं'चं मॉडेल एमबीए केलेल्या प्रत्येकाला झोपेतही येतं. प्रत्येक बाणाखाली तीन मुद्द्यांची जागा. 'नव्याने येणारे'खाली मला दोनच सुचत होते, तिसरा ओढूनताणून आणला. मोकळी जागा बरी दिसत नव्हती ना!

काकांनी स्लाइड नीट पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, हे पाचही बाण सारखेच जाड कसे हो?"

मला उत्तर सुचेना. त्यांचा बहुतेक माल एकाच कंपनीला जातो. मोल्ड, म्हणजे साचेसुद्धा, त्या कंपनीच्याच मालकीचे. बिनसलं तर टेम्पो पाठवून उचलून नेतील आणि शेजारच्या गल्लीतल्या मोल्डिंग मशीनवर चढवतील. कच्च्या तेलाबरोबर प्लॅस्टिकच्या दाण्याचा भाव वर गेला तरी पार्टचा वाढीव दर मिळायला महिने लागतात. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. काकांना नव्वद दिवसांनी मिळतात. तक्रार करायची सोय आहे, पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध करणार कोण?

आणि हे सगळं माझ्या स्लाइडवर 'ग्राहकांची सौदाशक्ती: जास्त' एवढ्या तीन शब्दांत, हिरव्या रंगात बसलं होतं. शेजारी हस्तांदोलनाचा आयकॉन!

सर्वांत जोरदार शक्ती कोणती ते ओळखा, नफा तीच ठरवते, हे पोर्टर यांच्या त्या पहिल्या लेखातच आहे. टेम्प्लेट नेमकं तेच पुसून टाकतं. पाच सारखे बाण, पाच सारखे रंग, म्हणजे निवड करायची जबाबदारीच संपली. स्वॉटच्या चार चौकोनांचंही (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) तेच. 'अनुभवी कर्मचारी' हे बलस्थान मी आजवर किती जणांच्या नावावर खपवलंय, मोजायला नको.

टेम्प्लेट वापरूच नका, असं नाही म्हणत. चार लोकांना एका नजरेत चित्र दिसतं, त्याचा उपयोग आहेच. पण आधी कोऱ्या कागदावर ठरवायला हवं की कुठला बाण जाड. मी उलटं केलं, आधी चौकट उघडली आणि मग तिच्यात धंदा कोंबला.

काकांनी प्रिंटआउट ओढून घेतला. खिशातल्या बॉलपेनने ग्राहकाचा बाण गिरवत गेले, गिरवत गेले, शेवटी कागद फाटला. 'नव्याने येणारे'वर सरळ काट मारली.

घरी येऊन लॅपटॉपवर तसाच बदल करायला गेले, तर कळलं की टेम्प्लेटमधले बाण म्हणजे अख्खं एकच चित्र आहे. जाडी बदलताच येत नाही.