नव्या साहेबांनी खाडीत धाड कशी घालावी

अभिनंदन, साहेब. महसूल खात्यात नेमणूक आणि तीही ठाण्यात, म्हणजे घरी पेढे वाटून झाले असतील. आता खाडीकडे बघायला शिका. आम्ही कळव्याला खाडीकाठी राहतो, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा अधिकार आपसूक मिळालाय.

पहिली गोष्ट, आमच्या काठावरचं रेतीबंदर हे नुसतं नाव आहे. तिथं रेती निघते असा अर्थ काढू नका. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने रेतीउपसा थांबवला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पाच हेक्टरच्या आतलं खोदकाम असलं तरी पर्यावरण मंजुरी घ्या. तेव्हा कागदोपत्री खाडीचा तळ जागच्या जागी आहे. रात्री अकरानंतर जी धडधड ऐकू येते, ती तळातली रेती ओढणाऱ्या सक्शन पंपाची आहे असं ज्याला वाटतं त्याने कान तपासून घ्यावेत.

तरी वरून फोन आला, पेपरात बातमी आली, तर धाड घालावीच लागते. ती एकदम घालायची नसते. आधी पोलीस बंदोबस्ताचं पत्र काढा, त्याच्या प्रती पाच ठिकाणी द्या. पत्र पोचायच्या आत बातमी पोचली तर वाईट वाटून घेऊ नका, बातमीला आवक-जावक क्रमांक लागत नाही. मग बोट. स्वतःची नसेल तर भाड्याने घ्या, पण खाडीत बोटी कुणाच्या असतात ही चौकशी नको. बोटवाला मध्येच तोंड फिरवून फोनवर बोलू लागला तर त्याच्या घरचा फोन असेल असं समजावं. निघायची वेळ मात्र भरती-ओहोटी बघून ठरवा. नाहीतर बोट चिखलात रुतते आणि दोन तास तुम्ही कांदळवनाकडे आणि कांदळवन तुमच्याकडे बघत बसतं.

हद्दीचंही भान हवं. कोलशेतच्या बाजूने बघाल तर अलीकडे ठाणे तालुका, पलीकडे भिवंडी. हे तुम्हाला नकाशात शोधावं लागतं, बार्जवाल्याला, म्हणजे रेती वाहणाऱ्या सपाट बोटीच्या मालकाला, झोपेतही कळतं. तुमची बोट दिसली की तो शांतपणे पलीकडच्या कशेळीकडे सरकतो आणि दुसऱ्या तहसीलदारांचा होतो. तुम्ही संयुक्त कारवाईचं पत्र लिहायला घ्या.

गाठलाच एखादा बार्ज, तर त्यावरची पोरं पाण्यात उड्या मारतील. प्रथाच आहे ती. पंचनाम्यात ‘पोहून पसार झाले’ हे शब्द आधीच टाइप करून ठेवा, वेळ वाचतो. गुन्हा अज्ञात इसमावर. हा अज्ञात इसम लहान माणूस नव्हे. त्याच्याकडे बार्ज आहे, पंप आहे, त्याला डिझेल उधार मिळतं आणि वाढदिवसाला नाक्यावर त्याचा फोटोसकट बॅनर लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७)प्रमाणे बाजारभावाच्या पाचपट दंड लावता येतो, तो त्याला खुशाल लावा. बार्ज ओढून आणायची सोय नसते, म्हणून गॅस कटरने कापा, जाळा, नाहीतर बुडवा. फोटोत धूर नीट यायला हवा. बुडवलेला बार्ज महिन्याभराने पुन्हा दिसला आणि ओळखीचा वाटला, तरी ओळख दाखवू नये.

हातपाटीवाला म्हातारा सापडला तर मात्र सोडू नका. बुडी मारून बादलीने रेती काढणारा. दम लागलेला असतो, पळत नाही. शिवाय त्याला नाव, गाव, आधार कार्ड असं सगळं असतं. वर्षाअखेरच्या तक्त्यात तोच कामाला येतो.

उत्साही नागरिकांपासूनही जपून. २००४ साली किहीमच्या किनाऱ्यावर रेतीचोरांना अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांना मारहाण झाली. बाई घरी बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. २०१० ची ती बंदी त्यांच्याच याचिकेवर आली. एका मारहाणीपायी केवढा उपद्व्याप!

वरिष्ठांनी अभ्यास विचारला तर जगाचं सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने जगाला वर्षाला ५० अब्ज टन वाळू-खडी लागते. वाळवंटातली वाळू वाऱ्याने गुळगुळीत झालेली, ती काँक्रीटला धरत नाही, म्हणून सगळे नदी-समुद्राच्या मागे. कंबोडियाने २०१७ साली वाळूची निर्यात बंद केली. एवढं झाल्यावर ‘त्यामानाने आपली परिस्थिती बरी’ म्हणून थांबायचं. मुंब्र्याजवळ खाडी रेल्वेरुळांना खेटून आहे हा मुद्दा काढू नये. आणखी विचारलं तर ऐरोलीहून बोटीत बसवून फ्लेमिंगो दाखवा. २०२२ पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पाहुणे खूश होतात.

रेतीच्या भावाचंही सांगून ठेवतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास, राज्याच्या २०२३ च्या धोरणात तो सहाशे रुपयांना ठरला. इतकी स्वस्त मिळाल्यावर चोरी करील कोण, असा साधासरळ हिशेब होता. २०२५ साली धोरण बदललं, पुन्हा लिलाव आला. पंपाला दोन्ही धोरणं सारखीच मानवली.

आता एक घरगुती काम. आमच्या इमारतीला पंधरा वर्षंही झाली नाहीत, पण बाल्कनीच्या भिंतींना लोणा लागलाय. तिसऱ्या मजल्यावर सळई गंजून फुगली आणि स्लॅबचा पोपडा खाली आला, सुदैवाने कुंडीवर. ठेकेदाराने प्लास्टर खरवडलं, बोट जिभेला लावलं आणि म्हणाला, “खारी आहे. खाडीचीच.” आमच्या सेक्रेटरींनी बिल्डरला मनसोक्त शिव्या दिल्या. दुरुस्तीला सहा ब्रास रेती लागणार. ठेकेदार म्हणतो, पावती हवी तर पंधरा दिवस थांबा, नको असेल तर गुरुवारी पहाटे गाडी गेटवर. दरात निम्म्याचा फरक. कमिटीची बैठक सात मिनिटं चालली, ठराव एकमताने झाला.

तेव्हा साहेब, धाड कधीही घाला. फक्त बुधवारची रात्र सोडा.