काचेच्या बीकरवरून विद्यापीठाची पारख

‘सरकारी विद्यापीठात संशोधन होत नाही, तिथे यंत्रे नाहीत, जे होते ते बढतीपुरते आणि गावाला त्याचा उपयोग शून्य,’ हा मजकूर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे नाव घालून मोबाइलवर सर्रास पुढे पाठवला जातो.

यातला यंत्रांचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे नाव झाले ते पातळ थरांच्या (काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेल्या पदार्थाच्या अतिशय पातळ लेपांच्या) संशोधनामुळे, आणि ते थर ज्या रासायनिक पद्धतींनी चढवतात त्यांपैकी बऱ्याच पद्धतींना महागडे निर्वात पंप लागतच नाहीत. काचेची पट्टी कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, शुद्ध पाण्यात धुवायची, मग सोडियम सल्फाइडमध्ये बुडवून पुन्हा धुवायची. फेरे वाढतील तसा काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर जाड होत जातो. धुण्यात हयगय झाली तर गाळ बीकरमध्येच तयार होतो आणि काचेवरचा थर बोट लावताच भुकटीसारखा सुटतो. थर तपासायला क्ष-किरण उपकरणे लागतात हे खरे, पण कौशल्य पणाला लागते ते या चार बीकरांतच. वनस्पतिशास्त्राचे तर विचारूच नये: प्रा. एस. आर. यादव यांचे कंदीलपुष्पांवरील (सेरोपेजिया या वनस्पतींवरील) काम सह्याद्रीतल्या पायपिटीवाचून झालेच नसते.

बढतीचा आरोप अगदीच खोटा नाही. शोधनिबंधांची नुसती संख्या मोजू लागले की पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवतात, आणि तशी ती देशभर उगवली. पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढली. मात्र बढती मिळाली म्हणून काम बनावट, हा तर्क उफराटा आहे.

उरला उपयोगाचा प्रश्न. इचलकरंजीच्या कापड-रंगाईतले रंग जिवाणूंकरवी कसे मोडावेत, यावर याच विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे काम झाले. अ‍ॅझो रंगाचा (नायट्रोजनच्या दोन अणूंच्या जोडबंधामुळे रंगीत दिसणाऱ्या कृत्रिम रंगाचा) बंध तुटला की पाणी नितळ दिसते, पण उरलेली अमाइन्स, म्हणजे रंग मोडून बनलेली नायट्रोजनयुक्त संयुगे, विषारी असू शकतात. म्हणून त्या पाण्यावर ज्वारी-उडदाचे बी रुजवून मुळे किती वाढतात हेही मोजले गेले. हे तंत्र प्रत्येक रंगाईघरात का दिसत नाही, असे विचारणे रास्तच आहे. पण प्रयोगशाळेत बहुधा ठरावीक रंगाचे मोजके द्रावण असते, आणि कारखान्याच्या नाल्यात दर पाळीला रंग, मीठ व आम्लता बदलते. तो फरक भरून काढायला कारखान्याच्या आवारातच प्रायोगिक टाकी लागते, आणि तिचा खर्च एकट्या विद्यापीठाने उचलायचा नसतो.