तंबूतला उकाडा

नागपुरात धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकातली टपरी, रविवारची सकाळ. तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या आणि आमचे वकीलसाहेब माझ्यावर घसरले.

"दुसरे केक बनवून राहिले अन् तू तासभर पाहून राहिला? वास नाही, चव नाही. भेटते काय तुले?"

मी म्हटलं, मला तर तो तंबूच ओढतो. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही हौशी लोकांची केक-पाव भाजण्याची ब्रिटिश टीव्ही स्पर्धा २०१० साली सुरू झाली. हिरवळीवर पांढरा तंबू, आत ओळीनं ओटे. ऊन चढलं की लोणी सैल पडतं, चॉकलेट घट्ट होत नाही. २०१४ मध्ये एकाचं आईस्क्रीम असं वितळलं, की त्यानं रागानं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परीक्षकांपुढे तो डबाच नेऊन ठेवला. त्याच भागात तो बाहेर पडला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

"नाटक आहे ते. मुद्दाम तंबूत बसवते," वकीलसाहेब.

घरून केकच्या ऑर्डरी घेणारी आमची ताई तोवर गप्प होती. "नाटक? मे महिन्यात माझ्या किचनमधे येऊन पाय. भांड्याखाली बर्फ ठेवून क्रीम फेटतो मी. गुलाब काढेपर्यंत पाकळी लवते."

"बरं, बक्षीस किती?"

कोरलेला केक-स्टँड आणि फुलं, मी सांगितलं. पैसे नाहीत.

वकीलसाहेबांना हे पटेचना. मग लोकं रडतात कायले? मी म्हटलं, आठवडाभर नोकरी करून घरी सराव केलेला असतो, म्हणून. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना एकच पदार्थ. कृती अर्धवट दिलेली, आपल्या आजीच्या 'अंदाजानं घाल' सारखी. कोणती प्लेट कोणाची, हे परीक्षकांना ठाऊक नसतं. तिथं ओळखदेख चालत नाही, हातच लागतो. २०१५ ला जिंकलेली नादिया हुसेन तीन मुलांची आई. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदीचा केक तिनं केला. शेजारच्याचं अडलं तर हे लोक आपलं काम सोडून हात लावायला धावतात, आणि त्यासाठीच मी पुन्हा पुन्हा पाहतो.

"अन् ओव्हनपुढे जमिनीवर फतकल मारून काय पायतात ते?"

"फुगून राहिला का, ते," ताई म्हणाली. "मीबी बसतो तशीच. अनारशाले जाळी पडते का, पायत नाही का आपण?"