फॅक्टरीच्या गेटवर मतं कशी मागावीत

तिकीट मिळालं, अभिनंदन! मतदारसंघात ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे सैन्यासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणारा सरकारी कारखाना, असेल तर मुद्दे शोधत बसू नका. ‘इथली एकही नोकरी जाऊ देणार नाही’ एवढं वाक्य घोकून घ्या आणि सकाळच्या शिफ्टला गेटवर उभे राहा. ‘म्हणजे नक्की काय करणार?’ हे विचारायला कामगार थांबत नाही, त्याला हजेरीची घाई असते.

गेट कोणाचं, तेवढं मात्र बघून घ्या. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्या वाटणीत भुसावळची फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली आणि शेजारची वरणगावची पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. तेव्हा मोर्चा ‘दिल्लीवर’ नेण्याची गर्जना करावी. नागपूर-पुणे म्हटलं तर लोक खरंच गाडी मागतात.

‘कंपन्या झाल्या तेव्हा कुठे होतात?’ असं कोणी विचारलंच, तर सत्ताधाऱ्याने ‘त्यामुळेच ऑर्डरी वाढल्या’ म्हणावं, विरोधकाने ‘ही खासगीकरणाची पहिली पायरी’. मधल्या काळात पक्ष बदलला असेल तर एक सकाळच्या सभेत, दुसरं संध्याकाळच्या. महाराष्ट्रात आता याचं कोणाला काही वाटत नाही. संपाचं नाव काढू नका. संप करणाऱ्याला वर्षभरापर्यंत आणि चिथावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, असा एका वर्षापुरता कायदा 2021 मध्येच संसदेने केला होता. तसा पुन्हा आला तर चिथावणारे म्हणजे तुम्हीच.

कॅन्टीनमधला एखादा जुना कामगार विचारेल, ‘साहेब, पुढच्या वर्षी लोड किती?’ लोडशेडिंगवर भाषण सुरू करू नका. तो फॅक्टरीला मिळणाऱ्या कामाबद्दल विचारतोय. सगळ्यांच्या नोकऱ्या त्यावरच चालतात, त्यामुळे जाहीरनाम्यात त्याचा उल्लेख नसला तरी मान डोलवावी.

खरी पंचाईत तरुण पोरांची. कायम कामगार निवृत्त होतात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, म्हणजे स्फोटकं हाताळणारे कामगार, ठरावीक मुदतीच्या करारावर घेतले जातात. जोखीम तीच, नोकरी मात्र मुदतीची. असा एखादा पोरगा ‘मुदत संपल्यावर काय?’ म्हणाला तर खांद्यावर हात ठेवून फोटो काढा, नंबर पीएला घ्यायला सांगा. मुदत वाढली तर तुमच्या पत्रामुळे वाढली. नाही वाढली, तर पुढच्या निवडणुकीला तो गेटवर नसेलच विचारायला.